प्रौढांना डिजिटल फोटोग्राफी शिकवताना : नव्या शिक्षकांसाठी

फोटोग्राफी उत्तम येणारा माणूस पहिल्यांदा शिकवायला उभा राहिला की बहुतेक वेळा कॅमेऱ्याच्या भागांपासून सुरुवात करतो. सेन्सर म्हणजे काय, लेन्स किती प्रकारच्या, मेन्यूत काय काय दडलंय. समोर विशीतली मुलं असतील तर ती कशीबशी तग धरतात. पण दिवसभराचं काम उरकून आलेला पन्नाशीचा विद्यार्थी अर्ध्या तासात मनाने वर्गाबाहेर गेलेला असतो. त्याला फोटो काढायचा असतो आणि आपण त्याला यंत्र समजावून सांगत असतो.

फिल्मच्या काळात या अडचणीवर फारसा इलाज नव्हता. रोल संपायचा, धुवून यायचा, आणि प्रिंट हातात पडेपर्यंत कुठल्या फोटोला काय सेटिंग होतं हे विसरायला झालेलं असायचं. मेहनती विद्यार्थी वहीत आकडे टिपून ठेवत. १९७५ साली कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन यांनी बनवलेल्या डिजिटल कॅमेऱ्यालासुद्धा एक कृष्णधवल चित्र कॅसेटवर नोंदवायला २३ सेकंद लागत. आज चित्र त्याच क्षणी समोर येतं, आणि शटर स्पीड (शटर किती वेळ उघडा राहिला), ॲपर्चर (लेन्सचं छिद्र केवढं होतं), आयएसओ (कॅमेऱ्याने उजेड किती वाढवून घेतला), वेळ ही सगळी नोंद फाइलमध्येच लपलेली असते. एक्झिफ नावाची ही नोंदीची पद्धत १९९५ पासून आहे, आणि माझ्या मते प्रौढांच्या वर्गासाठी डिजिटल तंत्राने दिलेली ही सर्वात मोलाची गोष्ट आहे. काढा, लगेच बघा, त्यावर बोला, पुन्हा काढा. हे चक्र एका वर्गात जितक्या वेळा फिरेल तितकं शिक्षण होईल. मेन्यूतली प्रत्येक सोय, जेव्हा एखाद्या फोटोला तिची गरज पडेल तेव्हाच शिकवायची. पुढचं सगळं नियोजन या एका गोष्टीभोवती आहे.

वर्ग सुरू होण्याआधी प्रत्येकाशी बोला

प्रौढ शिक्षणावर आयुष्यभर काम केलेले अमेरिकन अभ्यासक मॅल्कम नोल्स सांगत असत की मोठ्या माणसाला ‘हे का शिकायचं’ हे आधी कळावं लागतं, आणि तो स्वतःचा अनुभव घेऊन येतो, त्या अनुभवाची दखल घेतली गेली नाही तर तो मिटून जातो. फोटोग्राफीच्या वर्गात याचा अर्थ अगदी सरळ आहे. प्रवेश घेतलेल्या प्रत्येकाला आधी फोन करा आणि तीन गोष्टी विचारा. कोणतं साधन आहे? कशाचे फोटो काढायचे आहेत? आणि काही अडतं का, म्हणजे नजर, हात थरथरणं, फार वेळ उभं राहणं, इंग्रजी मेन्यू वाचणं?

उत्तरं ऐकली की अभ्यासक्रम निम्मा तिथेच ठरतो. कुणी घरी बनवलेल्या वस्तू विकत असतं आणि त्यांचे फोटो मळकट येतात. कुणाला निवृत्तीनंतर पक्षी टिपायचे असतात. कुणाला जुन्या अल्बममधले फोटो पुन्हा टिपून नातवंडांना पाठवायचे असतात. कुणाला कामाच्या ठिकाणी अहवालासाठी फोटो लागतात. या चौघांना एकच ‘निसर्गचित्रणाचा धडा’ दिलात तर तिघांचा वेळ वाया जाईल. याउलट खिडकीतल्या प्रकाशाचा धडा चौघांनाही लागतो.

आणखी एक गोष्ट मागवा : स्वतः काढलेला एक आवडता फोटो आणि एक फसलेला. आवडत्या फोटोतून त्या माणसाची नजर कळते. फसलेल्या फोटोतून काय शिकवायचं ते कळतं. धावणारं मूल हललंय, म्हणजे शटर स्पीड. खिडकीपाशी बसलेल्या माणसाचा चेहरा काळवंडलाय, म्हणजे एक्सपोजर, फोटोत किती उजेड आला ते. सगळं पिवळं आलंय, म्हणजे व्हाइट बॅलन्स, उजेडाच्या रंगाप्रमाणे फोटोतले रंग जुळवणं. हे फोटो एका फोल्डरमध्ये नीट ठेवा. तो तो विषय शिकवायची वेळ आली की त्या माणसाची परवानगी घेऊन त्याचाच फोटो समोर ठेवा. दुसऱ्या कुणाच्या नमुन्यापेक्षा स्वतःचा फसलेला फोटो दुरुस्त होताना पाहण्यात माणसाचा जीव जास्त गुंततो.

एका शिक्षकाला दहा-बारापेक्षा जास्त जण झेपत नाहीत. त्याहून जास्त असतील तर मदतीला आणखी एक जाणता माणूस हवाच, कारण या वर्गात तुमचा निम्मा वेळ कुणाच्या तरी खांद्याशी उभं राहून त्याच्या स्क्रीनकडे बघण्यात जातो.

खोली आणि साधनं

मोबाईल पुरतो. हे पहिल्याच दिवशी ठामपणे सांगा, नाहीतर निम्मा वर्ग ‘आधी चांगला कॅमेरा घेतो, मग येतो’ म्हणून गळतो. प्रकाश, चौकट, क्षण, निवड हे सगळं मोबाईलवर शिकता येतं. फक्त मोबाईलची मर्यादा प्रामाणिकपणे सांगा. बहुतेक मोबाईलमध्ये ॲपर्चर बदलता येत नाही, ते ठरलेलं असतं. ‘पोर्ट्रेट’ मोडमधली मागची धूसरता सॉफ्टवेअर हिशोब करून तयार करतं, म्हणून केसांच्या किंवा चष्म्याच्या कडेला ती कधी कधी चुकते. शिवाय एकदा बटण दाबलं तरी मोबाईल अनेकदा पाठोपाठ बऱ्याच फ्रेम घेऊन त्यांचा मिळून एक फोटो करतो. त्यामुळे कॅमेरा वापरणाऱ्याला जे दिसतं तेच मोबाईलवाल्याला दिसेलच असं नाही. मिश्र वर्गात एक कॅमेरावाला आणि एक मोबाईलवाला अशा जोड्या लावल्या तर हा फरक दोघांच्याही लगेच ध्यानात येतो.

खोलीत मोठी खिडकी आणि एक टेबललँप असला की प्रकाशाचे बहुतेक धडे होतात. फोटो दाखवायला मोठा टीव्ही मिळाला तर प्रोजेक्टरपेक्षा तो घ्या. उजेडाच्या खोलीत प्रोजेक्टरवर काळा रंग राखाडी दिसतो आणि सावल्यांमधला तपशील हरवतो. मग विद्यार्थी म्हणतो, ‘माझ्या फोनवर तर छान दिसत होता,’ आणि त्याचं खरंच असतं. प्रोजेक्टरच असेल तर पडदे ओढा आणि फोटो एकदा विद्यार्थ्याच्या स्वतःच्या स्क्रीनवरही बघून घ्या.

मोबाईलचा स्क्रीन टीव्हीवर दाखवत असाल, तुमचा किंवा विद्यार्थ्याचा, तर आधी ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू करा. भर वर्गात कुणाचा तरी खाजगी संदेश मोठ्या पडद्यावर झळकणं फार वाईट. गॅलरी उघडायलाही लावू नका. निवडलेला फोटो विद्यार्थी स्वतः पाठवेल, तेवढाच दाखवायचा.

फोटो गोळा करण्याची पद्धत पहिल्या वर्गाआधी ठरवा आणि स्वतः करून बघा. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबून लहान होतो आणि त्यातली एक्झिफ नोंदही जाते, म्हणजे आपला मुख्य आधारच जातो. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी येते. ज्यांना ड्राइव्हवरचं सामायिक फोल्डर जमतं त्यांच्यासाठी ते उत्तम, पण प्रौढांच्या वर्गात पासवर्ड आठवण्यात अर्धा तास जातो हे गृहीत धरा. आयफोन २०१७ पासून फोटो बहुधा हाइक नावाच्या प्रकारात साठवतो आणि जुन्या संगणकावर ते उघडत नाहीत. कॅमेरा सेटिंगमधल्या ‘फॉरमॅट्स’मध्ये जाऊन ‘मोस्ट कंपॅटिबल’ निवडलं की जेपेग मिळू लागतात.

पहिला वर्ग

पहिली दहा मिनिटं तयारीची. मऊ कापडाने लेन्स पुसा. खिशातल्या मोबाईलच्या लेन्सवर बोटांचे ठसे असतातच आणि ‘फोटो धुरकट येतात’ ही तक्रार पुष्कळदा तिथेच संपते. फोनमध्ये जागा आहे का, बॅटरी आहे का ते बघा.

त्यानंतर नजर. चाळिशीनंतर जवळचं अंधुक दिसू लागतं, आणि वाचायचा चष्मा घरी राहिला असेल तर कॅमेऱ्याची छोटी स्क्रीन निरुपयोगी होते. व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी, असलेल्या कॅमेऱ्यात त्याच्या बाजूला डायॉप्टरची छोटी चकती असते. ती फिरवून आतले आकडे स्वच्छ दिसतील इतपत जुळवून घ्यायची असते. ‘कॅमेऱ्याचा फोकस बिघडलाय’ असं समजून वर्षानुवर्षं कॅमेरा कपाटात ठेवलेली माणसं आहेत आणि त्यांची अडचण या चकतीपाशी सुटते. मोबाईलवर अक्षरांचा आकार वाढवा, स्क्रीनचा उजेड वाढवा. कोरड्या बोटांचा स्पर्श स्क्रीन कधी कधी घेत नाही. अशा वेळी आवाजाच्या बटणाने फोटो काढता येतो हे दाखवा. हात थरथरत असेल तर कोपरं अंगाला टेकवणं, भिंतीला टेकून उभं राहणं आणि दोन सेकंदांचा टायमर लावणं. हे सगळं सर्वांनाच शिकवा, कुणा एकाला बाजूला घेऊन नको.

मग तीन हालचाली शिकवा आणि त्या दिवशी तेवढ्याच. हव्या त्या जागी बोट टेकवून फोकस करणं. तिथेच बोट दाबून धरून फोकस आणि उजेड कुलूपबंद करणं. आणि बाजूला येणाऱ्या सूर्याच्या चिन्हाची पट्टी वरखाली सरकवून फोटो उजळ किंवा गडद करणं. काही फोनमध्ये या खुणा वेगळ्या दिसतात, तेव्हा प्रत्येकाच्या स्क्रीनवर जाऊन एकदा खात्री करा. कॅमेऱ्यांवर याच कामासाठी फोकस पॉइंट निवडणं आणि एक्सपोजर कॉम्पेन्सेशन असतं.

यानंतर लगेच सराव. खोलीतली एकच साधी वस्तू घ्यायची, खुर्ची, बाटली, चप्पल, काहीही, आणि तिचे दहा फोटो काढायचे. अट एकच, प्रत्येक फोटोसाठी स्वतः हलायचं. झूम वापरायचा नाही. जवळ जा, खाली बसा, वर चढा, मागे फिरा. खाली बसणं ज्यांना जमत नाही त्यांनी मोबाईल उलटा करून खाली धरायचा, त्याने लेन्स जमिनीच्या आणखी जवळ जाते. पहिले तीन-चार फोटो सगळ्यांचे सारखेच येतात. सहाव्या-सातव्यापासून माणसं खरोखर बघायला लागतात.

दहामधून एक निवडायला सांगा आणि तो मोठ्या स्क्रीनवर लावा. निवड विद्यार्थ्यानेच करायची, तुम्ही नाही. पहिल्या दिवशी ‘चांगला’ आणि ‘वाईट’ हे शब्द वर्गात येऊ देऊ नका. फक्त विचारा : नजर आधी कुठे गेली? मग कुठे गेली? कडेला काय आलंय? ज्याने काढला त्याला विचारा : तुम्हाला काय दाखवायचं होतं? या दोन उत्तरांमध्ये जे अंतर निघतं ते कसं मिटवायचं, एवढाच पुढच्या सगळ्या वर्गांचा विषय आहे. चर्चा झाली की तीच वस्तू पुन्हा टिपायला पाठवा. पहिल्याच दिवशी हे चक्र दोनदा फिरलं पाहिजे.

प्रकाश

इथे घाई करू नका. दोन वर्ग गेले तरी चालतील.

एक जण खिडकीपाशी उभा राहतो, बाकीचे फोटो काढतात. आधी खिडकी त्याच्या मागे, मग बाजूला, मग समोर. फोटो एकाशेजारी एक लावले की नाकाची सावली कुठे पडली, डोळ्यात चमक आली की नाही, हे कुणीही सांगू शकतं. मग त्याला खिडकीपासून मागे मागे चालायला लावा. उजेड झपाट्याने कमी होतो. टेबललँपने हे आणखी नेमकं दाखवता येतं. छोट्या दिव्यापासूनचं अंतर दुप्पट केलं की उजेड साधारण चौथाई उरतो. विद्यार्थ्यांनी फोटोतली एक्झिफ नोंद उघडली तर आयएसओ किंवा शटरचा आकडा सरकलेला त्यांना स्वतः सापडतो. नियम तुम्ही नंतर सांगितलात तरी चालतं, तो त्यांच्या हातात आधीच आलेला असतो.

दुसरा प्रयोग मी कधीही चुकवत नाही. एक पांढरा कागद आणि एक काळं कापड, दोन्ही एकाच उजेडात ठेवायची. आधी कागदाने पूर्ण चौकट भरून फोटो, मग कापडाने पूर्ण चौकट भरून. सगळं ऑटोवर. बहुतेकांचा कागद राखाडी येतो आणि काळं कापडही बरंचसं राखाडीच येतं. माणसं चकित होतात. आता कारण सांगा : समोर कागद आहे की कापड हे कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरला कळत नाही. चौकटीत जे असेल ते सरासरी मध्यम राखाडी यावं असं तो हिशोब करतो. म्हणून बर्फ, वाळू, पांढरी साडी मळकट येते आणि काळ्या केसांचा, गडद पार्श्वभूमीवरचा चेहरा पांढराफटक पडतो. मग सूर्याची पट्टी सरकवून कागद खरा पांढरा आणि कापड खरं काळं करायला सांगा. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन या लांबलचक नावाची भीती इथेच जाते. नव्या फोनचं सॉफ्टवेअर कधी कधी पांढरं ओळखून आपणहून दुरुस्त करतं. कुणाचा कागद पांढराच आला तर तोही वर्गात दाखवा, चर्चा उलट चांगली होते.

हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत गडद-उजळ भाग किती आहेत ते दाखवणारा आलेख, याच वेळी शिकवा. डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं. कागद आणि कापडाच्या ऑटोवर काढलेल्या फोटोंचे डोंगर बहुधा मधल्या भागात दिसतात, आणि दुरुस्त केलेल्या फोटोंमध्ये ते आपापल्या बाजूला सरकतात. हा आलेख शब्दांत समजावायला गेलं तर अवघड आणि असा दाखवला तर दोन मिनिटांचा आहे. उजव्या भिंतीला चिकटलेला डोंगर म्हणजे तिथला तपशील कायमचा गेला, एवढं लक्षात राहिलं तरी पुरे.

रंगासाठी छोटा सराव : तोच चेहरा खिडकीच्या उजेडात आणि पिवळ्या बल्बच्या उजेडात. पिवळा बल्ब साधारण २७०० ते ३००० केल्विन (उजेडाचा रंग मोजायचं एकक), दुपारचं ऊन ५५०० च्या आसपास. खिडकी आणि बल्ब दोन्ही एकाच चेहऱ्यावर पडले तर अर्धा चेहरा निळसर आणि अर्धा पिवळा येतो, आणि कुठलाही व्हाइट बॅलन्स दोन्ही बाजू एकदम सुधारू शकत नाही. उपाय साधा आहे : एक दिवा बंद करा. वस्तूंचे फोटो काढून विकणाऱ्या विद्यार्थ्यांना या एका वाक्याचा फार उपयोग होतो.

शटर, आयएसओ, ॲपर्चर : याच क्रमाने

बरेच जण तिन्हींचा त्रिकोण फळ्यावर काढून सुरुवात करतात. मला ते पटत नाही. एकावेळी एकच आकडा घ्या, आणि शटर स्पीड आधी घ्या, कारण त्याचा परिणाम उघड्या डोळ्यांना दिसतो. एकाने खोलीत ये-जा करायची, बाकीच्यांनी १/१५, १/६०, १/२५० अशा वेगांनी फोटो काढायचे. बऱ्याच मोबाईलमध्ये हे आकडे स्वतः ठरवता येणारा ‘प्रो’ मोड असतो. नसेल तर अँड्रॉइडवर ओपन कॅमेरा हे मोफत ॲप बऱ्याच फोनवर हे नियंत्रण देतं. चालणाऱ्याला १/१२५ ते १/२५० पुरतं, धावणाऱ्याला १/५०० किंवा त्याहून जलद लागतं. इथे दोन प्रकारचं हलणं वेगळं करायला शिकवा : सगळंच हललं असेल तर हात हलला, फक्त माणूस हलला असेल तर शटर मंद पडला. या निदानासाठी मात्र फोटो मोठा करून बघावा लागतो, छोट्या स्क्रीनवर सगळंच नेटकं दिसतं.

एलईडी दिव्यांखाली जलद शटरवर आडवे पट्टे दिसले तर घाबरू नका, हाही धडाच आहे. वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असेल तर दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. १/५० किंवा १/१०० ठेवलं की पट्टे जातात. ६० हर्ट्झला १/६० किंवा १/१२०.

शटर जलद केला की फोटो काळा पडतो. ‘मग आता काय करायचं?’ हा प्रश्न वर्गातूनच येतो आणि तिथे आयएसओ आणा. १०० वरून २००, ४००, ८००, प्रत्येक पायरीला दुप्पट उजळ, आणि सोबत दाणे. दाण्यांना इतकं घाबरवू नका की लोक मंद शटर ठेवून हललेले फोटो आणतील. दाणेदार पण स्पष्ट चेहरा नेहमीच जास्त कामाचा.

ॲपर्चर शेवटी. कॅमेरा असलेल्यांनी एफ/२.८, एफ/५.६, एफ/११ असे तीन फोटो काढून मागची पार्श्वभूमी बघायची. मोबाईलवाल्यांना सांगा की धूसर पार्श्वभूमी हवी असेल तर वस्तूच्या अगदी जवळ जा आणि मागची भिंत दूर ठेवा. एफचा आकडा वाढला की छिद्र लहान होतं, हा उलटा हिशोब सर्वांनाच गोंधळात टाकतो. एफच्या खाली लिहिलेल्या आकड्याने एफला भागायचं असतं, जसा निम्म्यापेक्षा पाव लहान, एवढं सांगितलं की बसतं.

फोटोवर बोलणं

प्रौढ विद्यार्थी दोन टोकांना असतात. काही स्वतःच्या फोटोची आधीच माफी मागतात, काहींना कुणीतरी खोटी वाहवा करून सोडलेलं असतं. दोघांनाही नेमकेपणाने बोललेलं उपयोगी पडतं. ‘छान आहे’ऐवजी ‘बाजूच्या उजेडामुळे हातावरच्या सुरकुत्या दिसतात’ असं म्हणा. सुचवणी देण्याआधी विचारा, ‘एक सुचवू का?’ आणि सुचवणी अशी द्या की ती लगेच करून बघता येईल : ‘दोन पावलं डावीकडे गेलात तर मागचा खांब डोक्यातून उगवणार नाही.’ चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग करणाऱ्या तृतीयांशाच्या रेघा फोनच्या ग्रिडमध्ये दिसतात. त्या चालू करून द्या, क्षितिज सरळ ठेवायला उपयोगी आहेत. पण त्यांना कायदा बनवू नका. मधोमध ठेवलेला विषय चुकीचा आहे असं ठरवून टाकलं की माणसं स्वतः बघणं थांबवतात.

विद्यार्थ्याच्या हातातून फोन घेऊन ‘हे बघा असं’ करून दाखवू नका, हा माझ्या वर्गातला सर्वात कडक नियम आहे. बोट त्यांचंच असलं पाहिजे. वेळ दुप्पट लागतो, पण घरी गेल्यावर ते बोटाच्या लक्षात राहिलेलं असतं.

एडिटिंग किती आणि कधी

निदान तीन-चार वर्ग झाल्याशिवाय नको. नंतरही फक्त चार गोष्टी, याच क्रमाने : सरळ करणं आणि क्रॉप, उजेड, कॉन्ट्रास्ट आणि सावल्या, मग रंग. मोबाईलवर स्नॅपसीड मोफत आहे. संगणकावर गिंप आणि रॉ फाइलसाठी (सेन्सरने टिपलेली, प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) डार्कटेबल, दोन्ही मोफत आणि मुक्त. ॲप एकच ठरवा. वर्गात चार ॲप चालू असली की तुम्ही दिवसभर बटणं शोधत फिराल. मूळ फाइल जपून प्रतीवर काम करण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

रॉ फाइल कधी काढायची हा प्रश्न कॅमेरावाले विचारतातच. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. म्हणून काळवंडलेला चेहरा रॉमधून बराच उजळता येतो, आणि जेपेगमध्ये तसं केलं की पट्टे आणि डाग येतात. एकच फोटो दोन्ही प्रकारांत काढून, दोन्ही तितकेच उजळून दाखवा आणि विषय तिथे सोडा.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलणं टाळू नका, कारण फोनमधल्या ‘नको ती वस्तू पुसा’ बटणापासून ती विद्यार्थ्यांच्या हातात आहेच. २०२३ मध्ये जर्मन कलाकार बोरिस एल्डागसेन यांनी सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्समधलं पारितोषिक नाकारलं आणि आपलं चित्र यंत्राने निर्माण केलेलं आहे असं जाहीर केलं. ही घटना सांगा आणि वर्गालाच सीमा ठरवू द्या : कौटुंबिक फोटोतली तार पुसली तर चालेल का? अहवालातल्या फोटोत? विक्रीच्या वस्तूवरचा ओरखडा? मोठ्या माणसांना या प्रश्नांवर ठाम मतं असतात आणि ती ऐकण्यासारखी असतात. माझं मत विचाराल तर, बघणारा फोटोवर विसंबून काही निर्णय घेणार असेल तर काहीही पुसू नये.

संमती आणि ठिकाण

घराचे फोटो नेटवर टाकताना त्यात जीपीएसचं ठिकाण जाऊ शकतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. एक्झिफ नोंद उघडून नकाशावरची टाचणी दाखवा. समजावण्याची गरज उरत नाही. ठिकाण बंद कसं करायचं, पाठवताना काढून कसं टाकायचं, हे प्रत्येकाकडून तिथेच करून घ्या. अनोळखी माणसाचा फोटो काढायचा तर आधी विचारायचं. मुलांच्या बाबतीत पालकांना विचारायचं. सहाध्यायाचा वर्गातला फोटोसुद्धा त्याला विचारूनच बाहेर जाऊ द्यायचा.

फोटो सांभाळणं

हजारो फोटो फोनमध्ये आणि त्यांची एकही प्रत दुसरीकडे नाही, अशी बहुतेकांची अवस्था असते. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर, हा जुना नियम शिकवा. क्लाउडशी फोन जुळवलेला असला तरी फोनमधून पुसलेला फोटो क्लाउडमधूनही जाऊ शकतो, हे प्रत्यक्ष एका बिनकामाच्या फोटोवर करून दाखवा. दर आठवड्याला वर्गाची शेवटची दहा मिनिटं फोटो निवडायला आणि नकोसे काढून टाकायला ठेवा. निवड करणं हीसुद्धा फोटोग्राफीच आहे.

वर्ग ऑनलाइन असेल तर

स्क्रीन शेअरवर फोटो दबून, रंग बदलून दिसतात. चर्चेचे फोटो आधीच फाइल म्हणून सर्वांना पाठवा आणि प्रत्येकाने ते स्वतःकडे उघडून बोलायचं. दोन छोटे वर्ग एका लांब वर्गापेक्षा बरे. मध्ये वीस मिनिटं कॅमेरे बंद करून सगळ्यांना घरातल्या खिडकीपाशी फोटो काढायला पाठवा, नाहीतर तो फोटोग्राफीबद्दलच्या गप्पांचा वर्ग होतो.

शेवटचा प्रकल्प आणि प्रिंट

परीक्षा नको. पाच ते सात फोटोंची एक मालिका, विषय ज्याचा त्याने निवडलेला, प्रत्येक फोटोखाली एक-दोन वाक्यं. या प्रकारच्या कामाची ताकद १९९० च्या दशकात चीनच्या युन्नान प्रांतात दिसली. कॅरोलिन वांग आणि मेरी ॲन बरिस यांनी तिथल्या ग्रामीण स्त्रियांच्या हाती कॅमेरे दिले. त्या स्त्रियांनी आपल्या रोजच्या जगण्याचे, कामाचे, आरोग्याच्या अडचणींचे फोटो काढले, त्यांवर एकत्र बसून बोलल्या आणि ते धोरण ठरवणाऱ्यांपर्यंत पोचवले. ही पद्धत पुढे फोटोव्हॉइस नावाने जगभर वापरली गेली. तुमच्या वर्गातल्या एखाद्या विद्यार्थ्याला आपल्या वस्तीतल्या पाण्याच्या रांगेवर किंवा आजारी माणसाच्या सेवेवर मालिका करायची असेल, तर त्याला सुंदर सूर्यास्ताकडे वळवू नका.

मालिका निवडताना एकूण पन्नास-साठ फोटो छोट्या आकारात छापून टेबलावर पसरा. स्क्रीनवर एकामागून एक सरकवण्यापेक्षा कागद हाताने हलवत क्रम लावणं फार सोपं जातं, आणि मोबाईलशी न जमणारी माणसं इथे सर्वात पुढे असतात.

प्रदर्शनासाठी प्रिंट काढताना हिशोब असा : १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० गुणिले ३००० पिक्सेल असतो. ३०० पिक्सेल प्रति इंच धरले तर तो सुमारे १३ बाय १० इंच नीट छापला जातो. लांबून बघायचा असेल तर याहून मोठाही चालतो. क्रॉप केलेल्या किंवा व्हॉट्सॲपवरून आलेल्या फाइल मात्र आधी मोजून घ्या. स्क्रीनपेक्षा कागदावर फोटो थोडा गडद येतो, म्हणून आधी एकेका मालिकेतला एकच फोटो लहान छापून बघा आणि उजेड वाढवायचा का ते ठरवा. प्रदर्शनाच्या निदान दहा दिवस आधी फाइल छापायला द्या, म्हणजे बिघडलेली प्रिंट पुन्हा काढायला वेळ राहतो. फोटोखालची वाक्यं विद्यार्थ्यांच्याच शब्दांत आणि मोठ्या अक्षरांत छापा. फोटो बघायला येणाऱ्यांमध्येही वाचायचा चष्मा विसरून आलेले बरेच असतील.